खेळातल्या सोन्यावरचा कर

जे सोनं हातात धरता येत नाही, त्यावर कर बसतो का? संगणकावरच्या एका खेळात घरं विकून मोहरा कमावणाऱ्या चारुलता ढोबळे यांना करअधिकारी हळब्यांनी त्यासाठीच बोलावलं.

“सोनं ते सोनं, बाई. चौकशीसाठी मी स्वतः खेळात शिरून तुमची तिजोरी पाहिलीय. कर भरा.”

“दसऱ्याला खेळात आला होतात ना? तिथल्या गावाच्या वेशीवर मी सगळ्यांना सोनं वाटत होते. तुम्हीही पिशवीभर मोहरा घेतल्यात.”

“सणाचं सोनं, नाही कसं म्हणणार?”

“मग ते सोनं खरं असेल, तर चौकशी चालू असताना तुम्ही माझ्याकडून लाच घेतलीत.”

हळबे उसळले, “काहीतरीच काय बोलता! त्या मोहरांत बाहेर साधा चहासुद्धा मिळत नाही!”

चारुलताबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “तेवढं लिहून द्या, साहेब.”