ओली गादी

सरपंच बळवंतआण्णांची धाकटी बहीण सुंद्रा बाळंतपणात अडली. मूल गेलं, आणि आतल्या जखमेतून तिची लघवी सारखी झिरपू लागली. नवऱ्यानं तिला माहेरी आणून टाकलं, आण्णांनी गोठ्यात ठेवलं.

पुढं तालुक्याच्या दवाखान्यातून गोदाक्का आली. ही जखम कशी होते, ऑपरेशननं कशी बरी होऊ शकते, हे घरोघरी सांगायला ती पंचायतीच्या खोलीत शिबिर भरवून गावातल्या बायांना शिकवू लागली. आण्णा भडकले.

"असलं घाणेरडं बोलणं माझ्या पंचायतीत चालायचं नाही! बाईनं मनावर घेतलं तर कोरडं राहता येतं. उद्या येऊन बंदच करतो."

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या खुर्चीवरच्या गादीत गोदाक्कानं कळशीभर पाणी जिरवलं. आण्णा आले, ऐटीत बसले आणि त्यांचा चेहराच उतरला. पांढरंशुभ्र धोतर मागून चिंब झालं होतं.

गोदाक्कानं हात जोडले. "तुमच्या शब्दाबाहेर नाही, शिबिर बंद. उठा, आण्णा. तुमच्याआधी आम्ही कशा निघणार?"

बाया उभ्या राहिल्या. आण्णा हलेनात. शेवटी पुटपुटले, "आधी लोक जाऊ दे."

गोदाक्का त्यांच्या कानाशी वाकली. "नुसतं पाणी आहे, आण्णा. दुपारपर्यंत वाळेल. सुंद्राचं वाळत नाही."

खोली रिकामी झाल्यावर आण्णा उठले ते तडक गोठ्याकडं गेले.

"सुंद्रे, बाहेर ये. दवाखान्यात जाऊ."

आतून आवाज आला, "आधी लोक जाऊ दे, आण्णा."

अंगणात आण्णांशिवाय कुणीच नव्हतं.