काठोकाठ भरलेला कप

हिरव्यागार डोंगरावर कॉफीची एक बाग होती आणि बागेच्या फाटकापाशी बकुळाच्या आईचा इवलासा निळा ठेला होता. बकुळाच्या फ्रॉकला चार ठिगळं होती, तीही चार रंगांची. बाबा देवाघरी गेले होते. त्यांच्यामागे उरलं होतं एक चकचकीत, फुसफुसणारं एस्प्रेसोचं यंत्र, आणि त्यावरच मायलेकींचं पोट होतं.

येणारा प्रत्येक जण कॉफी पिऊन म्हणायचा, “वा, छान!” आई खूश व्हायची. बकुळा मात्र माणूस वळला रे वळला की त्याच्या कपात डोकवायची. कॉफी अर्धी तशीच! छान होती, तर मग टाकली का? मला विचाराल, मुलांनो, तर तिचा संशय अगदी रास्त होता.

त्यातच बागेचे मालक अप्पा केळुसकर सांगून गेले, “वहिनी, उद्या मी स्वतः कॉफी चाखणार. आवडली नाही, तर ठेला इथून हलवावा लागेल.”

बकुळा कॉफीच्या झुडपांत जाऊन मुसमुसत बसली. तेवढ्यात तिला दवाच्या टपोऱ्या थेंबात अडकलेली एक मधमाशी दिसली. तिने स्वतःचं रडू आवरून पानाच्या टोकाने तिला अलगद बाहेर काढलं. आणि काय आश्चर्य! शेजारच्या पांढऱ्याशुभ्र फुलातून बोटभर उंचीची, सोनेरी पंखांची परी बाहेर आली.

“गुणाची पोर! एक इच्छा माग,” परी म्हणाली.

बकुळाने डोळे बारीक केले. “फुकट?”

“फुकट.”

“मग नक्कीच काहीतरी गडबड आहे.”

परी खुदकन हसली. “नियम आहेत हं. इच्छा एकच. ती टिकेल उद्या सूर्य मावळेपर्यंत. आणि ती सगळ्यांना लागू होईल, तुलासुद्धा.”

कॉफी छान होऊ दे म्हणावं, तर परवा काय करायचं? बकुळाने खूप विचार केला. “उद्या आमच्या ठेल्यापाशी कुणालाही खोटं बोलता येऊ नये,” ती म्हणाली.

सकाळी आईने पहिला कप तिच्या हाती दिला. “कशी झालीय गं, सोनुली?”

बकुळाने ओठ घट्ट मिटले. पण नियम तो नियम. “कडू! औषधासारखी. म्हणूनच तू वरून जायफळ घालतेस.”

आईचे डोळे भरून आले. “मलाही नाही गं आवडत,” तिच्याही तोंडून निघून गेलं.

बकुळाला फार वाईट वाटलं. आता तिला यंत्राचाच संशय आला. नळीतून पडणारी कॉफी तिने तीन चमच्यांत धरली. पहिला चमचा काळाभोर, दाट. दुसरा सोनेरी, मधासारखा. तिसरा फिक्कट पाणेरी. पहिले दोन गोडसर सुवासाचे, आणि तिसरा, शी, कडूजहर!

“आई, यंत्र लवकर बंद कर ना!”

“अगं, मग कॉफी दोनच बोटं येते. पाहुण्यापुढे एवढीशी कशी ठेवायची? लोक काय म्हणतील? कप काठोकाठ भरेपर्यंत मी पाणी सोडत राहते.”

“त्यानेच कडू होतेय ती!”

एवढ्यात अप्पा आलेच. आईने या वेळी यंत्र लवकर बंद केलं आणि छोटासा कप पुढे केला. जायफळ नाही, काही नाही. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं. “एवढीशीच? वहिनी, काटकसर चालू आहे की काय?” लाजेने आईची मान खाली गेली.

अप्पांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

“छान,” अप्पा म्हणाले. “आणखी एक द्या. आणि ठेला राहू दे इथेच.”

आईने पदर डोळ्यांना लावला. बकुळाने टुणकन उडी मारली, पण लगेच थबकली. ठेल्याच्या पाटीवर परी पाय हलवत बसली होती.

“खरं सांग,” बकुळा कुजबुजली, “चव तूच बदललीस ना?”

“आज इथे मलाही खोटं बोलता येत नाही, बाळा. मी काहीच केलं नाही. ती चव तुझी नि तुझ्या आईची.”

लख्ख सोनेरी उजेड पडला आणि परी त्यात विरून गेली. बकुळाने, जन्मात पहिल्यांदाच, कुणाच्या तरी बोलण्यावर लगेच विश्वास ठेवला.