हळदीची लेकरं

फार वर्षांपूर्वी काचेच्या एका टाकीत हळदी नावाची सिक्लिड मासोळी राहायची. करवंटीत घातलेली तिची पहिली अंडी पांढरी पडून वाया गेली.

त्याच दिवशी मालकानं खाऊ म्हणून पाणपिसवा, म्हणजे पाण्यात वळवळणारे इवले जिवंत किडे, सोडल्या. हळदीनं त्या करवंटीपाशी गोळा केल्या आणि ती राखण करू लागली.

"अगं पोरी, हे तर तुझं जेवण!" टाकीतली गोगलगाय म्हणाली.

"मावशी, लेकरं आहेत ती माझी."

दोन दिवस ती उपाशी राहिली. जवळ येईल त्याला तिनं पिटाळलं. तिसऱ्या दिवशी नवरा आला, तेव्हा मात्र ती बाजूला सरली. बाप लेकरांना बघायला आलाय, असं तिला वाटलं.

त्यानं सगळ्या पिसवा गिळल्या. "माझ्यासाठी राखल्यास होय! अशाच ठेवत जा."

दुसऱ्या सकाळी मालकानं पुन्हा पिसवा सोडल्या. सगळ्यांच्या आधी हळदीच त्यांच्यावर तुटून पडली.