दैत्याच्या तोंडचं बोलणं

कारभारी विसाजीपंतांची एखाद्यावरून मर्जी फिरली, की त्या माणसाची वाट गडाच्या कड्यावर संपायची. या खेपेला पाळी आली धाकू दशावताऱ्याची. जत्रेत दैत्याचं सोंग घेऊन तो जे बोलला, तो म्हणे राजद्रोह होता. दशावतारात भाषण कुणी लिहून देत नाही, ज्याचं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. त्यामुळे दुसऱ्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

शिपायांनी त्याला दरबारात आणलं. कडेलोटाआधी हात बांधायचा दोर समोरच पडला होता.

“काही सांगायचंय?” सिंहासनावरून सरकारांनी विचारलं.

धाकूनं मान लववली. “सरकार, मी काय बोललो ते पंतांनी एकदा सांगावं. माझ्यासारखंच, शब्द न शब्द.”

पंत उत्साहानं पुढे झाले. सिंहासनाकडे बोट रोखून गरजले, “ते आसन माझं आहे! त्यावर बसलेल्याला फरफटत खाली ओढीन आणि समुद्रात बुडवीन!”

दरबारातल्या सगळ्या माना सिंहासनाकडे वळल्या.

“शब्द हेच, सरकार,” धाकू म्हणाला. “पण मी ते तोंडाला रंग फासून, सोंगातल्या इंद्राला म्हणालो, आणि पहाटे विष्णूच्या हातून मेलोसुद्धा. पंत दिवसाढवळ्या, स्वतःच्या पगडीत, आपल्याला म्हणाले. नुसत्या शब्दांवरून कडेलोट होणार असेल, तर आधी कुणाला न्यायचं?”

सरकारांनी हातानं खूण केली. मग शिपायांनी धाकूचे दंड सोडले.

पंतांचं बोट अजून सिंहासनाकडेच होतं. ते खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.