घंगाळावरचं नाव

"कुईंऽऽ!" महाराजांचं यंत्र केरबा तांबटाच्या चुलीमागे ओरडलं आणि केरबाच्या घरावर संक्रांत आली!

यंत्र विलायतेहून आलेलं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती. जमिनीत धातू असला की कुईं करायचं. कर्दळगावचे भैरोजीराव महाराज चार दिवस ते खांद्यावर टाकून हिंडत होते. माणूस मनाचा वाईट नव्हता हो, पण एकदा डोक्यात भुंगा शिरला की कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत! राजवाड्याच्या बागेत त्यांना दोन खिळे आणि एक घोड्याचा नाल मिळाला. तेवढ्यावर भागेना, म्हणून आज स्वारी तांबट आळीत.

शिपायांनी चुलीमागे हातभर खणलं तर मडकं निघालं. आणि मडक्यात चांदीची नाणी! केरबाची लेक येसू भट्टीचा भाता सोडून धावत आली.

"अगं बाई! आबा, हे आपल्या घरात होतं? आणि आपण वर्षभर फाटका भाता शिवत बसलोय!"

महाराजांनी एक नाणं उपरण्याला पुसलं आणि कारभाऱ्यांपुढे धरलं. "वाचा, काय लिहिलंय?"

"आपल्या आजोबांचं नाव आहे, सरकार."

"झालं तर मग! नाणी आमची!"

"असं कसं, सरकार?" येसू म्हणाली. "घर आमचं, चूल आमची, मडकंही आमचं..."

"मडकं ठेव तुला! नाव ज्याचं, वस्तू त्याची. संपलं!"

तेवढ्यावर संपलं असतं तर बरं. पण महाराजांनी यंत्र पुढे सरकवलं. ओटीवर कुईं! उंबऱ्याशी कुईं! देवळीखाली तर ते थांबेचना. महाराजांचे डोळे लकाकले. "अरे, सगळं घर खजिन्यावर उभं आहे!"

"कसला खजिना, सरकार!" केरबा काकुळतीला आला. "तीन पिढ्या इथं तांबं ठोकतोय. कीस, कपचे सगळे सारवणाखाली मुरलेत. तांबटाच्या घरात यंत्र ओरडणार नाही तर काय आरती म्हणेल?"

पण ऐकतंय कोण! "उद्या दुपारी घर पायासकट खणून काढा!" महाराजांनी फर्मावलं.

येसू महाराजांच्या वाटेत उभी राहिली. "सरकार, ती नाणी आमची आहेत आणि घरही आमचं आहे!"

महाराजांना गंमत वाटली. "असं? मग उद्या दुपारच्या आत ते माझ्या तोंडून वदवून घे! साक्षीदार नको, कागद नको. माझ्याच तोंडून! जमलं तर नाणीही तुमची आणि घरही. पण आत्ताच सांगून ठेवतो पोरी, मी काही म्हणायचा नाही!"

संध्याकाळी केरबा एकेक हातोडी गोणपाटात बांधत होता. ऐरणीवरून हात फिरवताना त्याचे डोळे भरून आले. येसूलाही रडूच फुटणार होतं. तेवढ्यात गोणपाटातून भांड्यांवर नावं घालायची छिन्नी घरंगळली. येसूने ती उचलली आणि बघतच राहिली.

"आबा, महाराजांच्या लग्नात आपण आहेर काय केला होता हो?"

"अंघोळीचं घंगाळ. चांगलं दोन माणसांनी उचलायचं. का गं?"

"त्यावर नाव कुणाचं?"

"माझं. आहेराच्या भांड्यावर नाव घालतातच की!"

"मग त्या हातोड्या सोडा परत," येसू म्हणाली, "आणि जेवायला बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज अंगाला तेल चोपडून पाटावर बसले. "पाणी ओता रे!"

"कशात ओतू, सरकार?" चाकर रडवेला झाला. "घंगाळ चाललं!"

महाराज पंचा सावरत अंगणात आले. बघतात तो काय, घंगाळाचा एक कान येसूच्या हातात, एक केरबाच्या! मागे अख्खी तांबट आळी. कोणाच्या काखेत परात, कोणाच्या हातात तांब्या, आणि म्हादबाच्या डोक्यावर तर महाराणींच्या पुरणाचं पातेलं!

"अरे, ही काय लूट चालवलीय?"

"लूट कसली, सरकार?" येसूने घंगाळ तिरकं केलं. "वाचा की. 'केरबा तांबट यांजकडून.' आमचं नाव, आमचं घंगाळ! त्या परातीवर सखूमावशीचं नाव, पातेल्यावर म्हादबाचं. ज्याचं त्याने न्यायला नको का?"

महाराजांचं तेल डोळ्यांत उतरलं आणि राग डोक्यात चढला. "खुळी का काय तू? अगं, नाव देणाऱ्याचं असतं! एकदा दिली की वस्तू घेणाऱ्याची! शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे!"

कारभाऱ्यांना एकाएकी खोकला आला.

"परत एकदा म्हणा, सरकार," येसू हळूच म्हणाली. "तुमच्या आजोबांनी नाणी पाडली, नाव घातलं आणि दिली. आमच्या पणज्याने घाम गाळून घेतली. आता वस्तू कोणाची?"

महाराजांनी डोळ्यांतलं तेल पुसलं. आणि मग ते असे हसले, असे हसले, की पंचा दोन्ही हातांनी धरावा लागला! "घेणाऱ्याची गं बाई, घेणाऱ्याची! नाणी तुमची, घर तुमचं! फसलो मी! आता तरी मला अंघोळ करू दे!"

घंगाळ ठेवलं गेलं, परात, पातेलं आत गेलं. महाराजांनी नाण्यांची थैली येसूच्या हातात दिली. "आणि कारभारी, हिच्या घरी चामड्याचा नवाकोरा भाता पाठवा. त्यावर आमचं नाव घाला!"

येसूने थैली पोटाशी घट्ट धरली.

"खुशाल घाला, सरकार. पण भाता कोणाचा ते या चारचौघांसमोर आधी बोला!"

महाराज पुन्हा जे हसत सुटले, ते बंबातलं पाणी निवलं तरी थांबेनात.