सर्वांसमोर बांधलेली दाढी

एकदा एक वृद्ध पाळक आपल्या चर्चच्या लहानशा मंडळीत सत्तेचाळिसावा नाताळ साजरा करीत होते. साजरा करीत होते म्हणण्यापेक्षा उरकत होते म्हणणे अधिक खरे ठरेल. गुडघे दुखत होते, गाणी बसवून बसवून आवाज बसला होता, आणि दरवर्षीप्रमाणे त्यांच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग साचू लागला होता.

या चिठ्ठ्यांविषयी आधी सांगायला हवे. त्या मंडळीत अशी पद्धत होती की, नाताळच्या आधीच्या रविवारी, उपासना झाल्यावर, मुलांसाठी नाताळबाबा येई. लाल कफनी, कापसाची दाढी, पाठीवर पोते. आईबाप मुलांसाठी आणलेल्या भेटवस्तू नाव घालून आठवडाभर आधी पाळकसाहेबांकडे गुपचूप पोचवत, आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी देत. चिठ्ठीत मुलाचे अपराध लिहिलेले असत. दूध पीत नाही. धाकटीला चिमटे काढतो. पाढे म्हणत नाही. मग नाताळबाबा भर मंडळीत त्या मुलाला नावाने हाक मारून विचारी, "काय रे, पाढे झाले का पाठ?" मुलाचे डोळे विस्फारत. याला कसे कळले? मागच्या बाकांवर मोठी माणसे तोंडाला रुमाल लावून हसत. आईबापांना वर्षभर जे साधले नाही ते या एका वाक्याने साधे, निदान जानेवारी संपेपर्यंत. कफनीच्या आत चाळीस वर्षे पाळकसाहेबच असत, हे मोठ्यांपैकी सर्वांना ठाऊक होते.

त्यांच्या हाताखाली सुबोध नावाचा एक तरुण पाळकाच्या सेवेचे शिक्षण घेत होता. माणूस सरळ, थोडा तापट. त्याला जेरुशा नावाची सात वर्षांची मुलगी होती. आदल्या वर्षी सुबोधने तिच्या भेटीसोबत चिठ्ठी दिली होती, 'खोटे बोलते. समज द्यावी.' नाताळबाबाने समज दिली, आणि ती अशी काही लागू पडली की त्या दिवसापासून जेरुशा प्रार्थनेत म्हणू लागली, "प्रभु येशू, आणि नाताळबाबा, मी आज खोटं बोलले नाही." तिच्या आईला याचे कौतुक वाटे. सुबोधला पहिल्यांदा हसू आले होते. पुढे ते येईनासे झाले.

आणि या वर्षी, नाताळ दहा दिवसांवर असताना, जेरुशा शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच बापासमोर उभी राहिली.

"पप्पा, वर्गातली मुलं म्हणतात नाताळबाबा खोटा असतो. तुम्ही खरं सांगा. तुम्ही देवाचं काम करता ना?"

 "पाळकसाहेबांना विचारून सांगतो," सुबोध म्हणाला. तेवढ्यावर ती गेली, पण जाताना वळून म्हणाली, "नक्की सांगा हं."

तो तसाच पाळकसाहेबांकडे गेला. ते गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले होते. सुबोधने सगळे सांगितले, आणि रागाने म्हणाला, "ती कफनी जाळून टाकू या साहेब. व्यासपीठावरनं सत्य सांगायचं आणि तिथनंच हे सोंग करायचं, मला नाही पटत. बायको म्हणते, अजून एक-दोन वर्षं राहू द्या, लेकरांचा आनंद कशाला हिरावता. आता तुम्हीच सांगा, मी तिला काय उत्तर देऊ?"

पाळकसाहेबांनी घमेल्यातून एक पाय बाहेर काढला. "कफनीनं तुझं काय वाकडं केलंय?" ते म्हणाले. "रविवारी जेरुशाला पुढं सतरंजीवर बसव. आणि मला जरा टॉवेल दे."

सुबोध निराश होऊन परतला. म्हातारपणी माणसे प्रश्न टाळायला शिकतात, असे त्याच्या मनात आले.

रविवारी उपासना संपली. मुले सतरंजीवर दाटीवाटीने बसली. सगळ्यांच्या नजरा आतल्या खोलीच्या दाराकडे होत्या, कारण नाताळबाबा दरवर्षी तिथूनच येई. ते दार उघडलेच नाही. पाळकसाहेब आपल्या रोजच्या राखाडी स्वेटरमध्ये, काखेत एक गाठोडे घेऊन, मधल्या वाटेने चालत आले. मुलांसमोर खुर्चीवर बसले आणि गाठोडे सोडले. आतून लाल कफनी निघाली, कापसाची दाढी निघाली.

"लेकरांनो," ते म्हणाले, "माझे हात आता वर जात नाहीत. ही कफनी घालायला मला कोण मदत करतं?"

 एका आईने कपाळाला हात लावला. मंडळीचे एक पंच उठून हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, हे आत जाऊन घालायचं ना."

"आत अंधार आहे," पाळकसाहेब म्हणाले.

दोन मुले उठली. एकाने बाही धरली, दुसऱ्याने गुंड्या लावल्या, त्याही एक घर चुकवून. मग पाळकसाहेबांनी जेरुशाला हाक मारली आणि दाढीची नाडी मानेमागे बांधायला सांगितली. तिने जीभ ओठांत धरून तीन गाठी मारल्या.

"झालं? आता ओळखलं का मला?" पाळकसाहेबांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

"नाही," सगळी मुले एका सुरात ओरडली, आणि हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. ज्याने चुकीच्या गुंड्या लावल्या होत्या तोच पुढे सरकून म्हणाला, "नाताळबाबा, लई लांबनं आलात, पाणी देऊ का?" मागच्या बाकांवरच्या मोठ्या माणसांना काय करावे ते समजेना. खेळ मोडलाच नव्हता. उलट या वर्षी मुलांनाही त्यात काम मिळाले होते.

भेटी वाटल्या गेल्या. अपराध मात्र एकाचाही वाचला गेला नाही. शेवटी पाळकसाहेब बाकांमधून फिरले आणि प्रत्येक चिठ्ठी, घडीसुद्धा न मोडता, ज्याची त्याला परत देत गेले. "हे घरी सांगा," ते म्हणत होते. "तुमच्या तोंडानं सांगा."

गर्दी पांगल्यावर ते व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. सुबोध त्यांच्या मानेमागच्या गाठी सोडवू लागला. त्या काही केल्या सुटेनात.

"साहेब, असं का केलंत?" त्याने विचारले.

पाळकसाहेब बोलले ते त्याच्याकडे न पाहता. "माझी मुलगी सात वर्षांची होती. आम्ही दोघं मोच्याकडं जाऊन माझ्या चपलेचा अंगठा शिवून आणला होता. आठवड्यानं नाताळबाबा आला, तर त्याच्या पायात तीच चप्पल. घरी येऊन तिनं विचारलं, 'पप्पा, तो तुम्ही होता ना?' मी तीन गावच्या उपासना करून आलो होतो, फार थकलो होतो. म्हटलं, 'उगाच शंका काढू नकोस, नाताळबाबा खराच आहे.' तिनं माझ्या चपलेकडं बघितलं. मग म्हणाली, 'आणि गव्हाणीतलं बाळ?' मी म्हटलं, 'तेही खरंच आहे.' एकाच तोंडानं, एकाच दमात. तिनं दोन्ही वाक्यं एकाच जागी ठेवली असणार. दुसरीकडं ठेवायला मी जागाच दिली नाही."

सुबोध गाठी तशाच ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसला.

"ती आज चांगली आहे. नोकरी करते, दर रविवारी फोन करते, औषध घेतलं का विचारते. पण मनातलं काही त्या दिवसापासून तिनं मला विचारलेलं नाही. बत्तीस वर्षं झाली. मी दर नाताळला वाट बघतो." त्यांनी डोळे पुसले, ते दाढीच्याच कापसाने. "खेळात काही वाईट नाही रे. पोरं डोक्याला टॉवेल गुंडाळून मेंढपाळ होतात, त्यात कोण कुणाला फसवतं? दोघांनाही ठाऊक असतं तोवर तो खेळ. लेकरू समोर उभं राहून खरं विचारतं, तेव्हा मात्र तो संपला. आणि आपण काय केलं? आपल्याला जे सांगायला जड जात होतं, ते दाढीआडून सांगून घेतलं. वर त्याला सगळं दिसतं असंही शिकवलं. सगळं बघणारा आपण एकच मानतो ना?"

त्यांनी खिशातून एक जुनी घडी काढून सुबोधच्या हातात ठेवली. गेल्या वर्षीची त्याचीच चिठ्ठी होती. "फेकवली नाही," ते म्हणाले. "जा आता, ती वाट बघत असेल."

दुपारच्या उन्हात बाप-लेक घरी निघाले. सुबोधने काही सुरुवात करण्याआधीच जेरुशा म्हणाली, "पप्पा, पाळकसाहेबच नाताळबाबा होतात ना, दरवर्षी?"

"हो."

"मग मी खोटं बोलले होते, ते त्यांना कोणी सांगितलं?"

सुबोधने खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने एकेक अक्षर लावून ती वाचली. बापाचे अक्षर तिला ओळखता येत होते.

"हे तुम्ही मला सांगायचं ना," ती म्हणाली.

"हो. चुकलं माझं. मी तुला खोटं बोलू नको म्हणायला दुसऱ्याला खोटी दाढी लावायला लावली."

ती रस्त्यातला एक खडा पायाने ढकलत चालली. पुढचा प्रश्न सुबोधला माहीत होता, आणि तो विचारला जाणार नाही याचीच त्याला अधिक भीती वाटत होती.

"आणि बाळ येशू?" तिने विचारले.

"त्याचा खेळ नाही बेटा. मी त्याला पाहिलेलं नाही, पण माझा त्याच्यावर विश्वास आहे. त्याच्या नावानं मी तुला कधी चिठ्ठी लिहिणार नाही."

तिने मान हलवली आणि चिठ्ठी त्याला परत दिली. मग विचारले, पुढच्या वर्षी दाढी मीच बांधू का. मग विचारले, न पाहता विश्वास कसा ठेवतात. घर येईपर्यंत तिने आणखी अकरा प्रश्न विचारले. सुबोध दमून गेला होता, पण त्याने एकही प्रश्न उद्यावर टाकला नाही. त्यातल्या चारांची उत्तरे त्याला येत नव्हती, आणि तसे त्याने तिला सांगितले.