मर्दनाचा मान

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. तेव्हा हत्ती माणसांशी बोलत असत, आणि मुख्य म्हणजे माणसं ते ऐकून घेत असत. त्या काळी एका डोंगराळ राज्यात हैबती नावाचा माहूत राहत होता.

हैबती मनाने मऊ आणि हाताने दणकट. त्याचं सगळं आयुष्य राजाच्या हत्तीखान्यात गेलेलं. मंगळ नावाच्या म्हाताऱ्या हत्तीला नदीवर न्यायचं, विटेच्या तुकड्याने घासायचं, मग तेल लावून खांदे आणि मांड्या रगडायच्या, हा त्याचा रोजचा उद्योग. हत्तीचं कातडं ते! अंगाचं सगळं वजन घातल्याशिवाय कुणी हात लावलाय हेसुद्धा त्याला कळत नाही. हैबती दोन्ही कोपरं रोवून रगडायचा आणि मंगळ डोळे मिटून उभा राहायचा.

एकदा राजाची पाठ धरली. राजा म्हणजे काही साधासुधा ऐवज नव्हता. तो बसला की सिंहासन दिसेनासं होई. वैद्याचे लेप झाले, शेक झाले, वाड्यातले मालीशवाले दमून भिंतीला टेकले. शेवटी राजा करवादला, "मला माणसासारखं चोळत बसू नका रे! हत्तीसारखं रगडा कुणीतरी!"

राजा बोलतो ते खरं मानायची दरबाराला सवय. लगेच हैबतीला बोलावून आणलं.

हैबतीने धोतर वर खोचलं, कोपर रोवलं आणि राजाच्या पाठीतून असा काही कटकन आवाज काढला, की दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातून भाला पडला. राजा उठला. डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला आणि गदगदून हसला.

"वा रे गड्या! हे सुख मी एकट्याने भोगणं बरं नव्हे."

मोठी माणसं उदार झाली की आपण जरा जपून असावं. पण हे त्या राज्यात कुणाला सुचलं नाही. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. यापुढे राजा ज्याच्यावर खूश होईल त्याला शेला नाही, कडं नाही. त्याला मिळेल हैबतीच्या हातचं मर्दन, आणि तेही राजाला लावतात त्याच जोराने. जोर कमी म्हणजे मान कमी!

पहिला मान मिळाला मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याला. त्याच्या पुरणपोळ्या राजाला फार आवडल्या होत्या. आचारी ऐटीत आत गेला आणि खेकड्यासारखा तिरका बाहेर आला. बाहेर माणसं वाट बघत होती. "कसं काय?" असं त्यांनी विचारताच आचाऱ्याने डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि तो म्हणाला, "अमृत हो, अमृत! सात जन्मांचा शीण गेला."

राजाने दिलेल्या मानाला दुखतं कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर, आपण एकट्यानेच का रगडून घ्यावं, असंही त्याला वाटलं असेल. झालं! पुढच्यानेही अमृत म्हटलं, त्याच्या पुढच्यानेही अमृत. प्रधानाला शिंक आली की तो खांबाला मिठी मारू लागला. दवंडीवाल्याच्या बरगड्या इतक्या धरल्या, की तो कानात गुपित सांगावं तशी दवंडी देऊ लागला. लोकांना ती ऐकायला त्याच्याभोवती कोंडाळं करावं लागे.

हैबतीला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. हाताखालचा माणूस "आई गं!" म्हणाला की त्याला धन्य वाटे. गुण येतोय म्हणूनच ओरडतोय, अशी त्याची पक्की समजूत. जितकी आरोळी मोठी तितका त्याचा आनंद मोठा. संध्याकाळी तो मंगळला ऊस भरवत सांगायचा, "आज प्रधानजी तर रडलेच आनंदाने!" मंगळ त्याच्याकडे बराच वेळ बघायचा आणि ऊस चघळायचा.

हैबतीचा जिवाभावाचा मित्र होता येसबा सनईवाला. येसबाची सनई वाजली की गावातली म्हातारी माणसंही पायाने ताल धरत. राजकन्येचं लग्न तोंडावर आलं होतं आणि दिवसभराच्या सरावाने येसबाचा खांदा आखडला होता.

"अरे, मी असताना तू खांदा आखडून बसतोस? झोप पालथा," हैबती म्हणाला. "सगळ्या दरबाराला सुख दिलं, माझा मित्रच तेवढा राहिला."

येसबा संकोचाने आडवा झाला. हैबतीने आज सगळी माया कोपरात आणली. मित्राला कमी जोर कसा लावायचा? मानेच्या बाजूला, खांद्याच्या हाडाच्या वर जो खळगा असतो, नेमकं तिथे त्याने कोपर रोवलं.

"पुरे रे, हैबती," येसबा म्हणाला.

"लाजू नकोस."

"अरे, लाजतोय कुठं? हाताला मुंग्या आल्यात."

"मुंग्या आल्या म्हणजे दुखणं चालायला लागलं. आता जाईलच ते!" असं म्हणून हैबतीने आणखी थोडं वजन टाकलं.

दुखणं चालायला लागलं खरं, पण ते बाहेर नाही, आत गेलं. सकाळी येसबाने सनई ओठांना लावली आणि बोटं भोकांवर ठेवली, तर उजव्या हाताची बोटं जागची हलेनात. सनईतून सूर निघाला तो असा, की दारातली कोंबडी ओरडत पळाली. येसबाने पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मग त्याने सनई मांडीवर ठेवली आणि तो नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला.

निरोप मिळताच हैबती धावत आला. "घाबरू नकोस! थोडा जोर कमी पडला असेल. आता नीट रगडतो."

येसबाची बायको गोजरा दारात आडवी उभी राहिली. तिच्या हातात झारा होता.

"भावजी, तुम्ही मला पाठच्या भावासारखे. पण त्यांना आता हात लावलात, तर हा झारा आणि तुमचं डोकं!"

"वहिनी, मी तर बरं करायलाच..."

"बरेच होते हो ते. काल जेवताना बरे होते. तुम्ही बरं केलंत आणि आज त्यांना घास धरता येत नाही."

हैबतीचा चेहरा उतरला. आत येसबा बसला होता. तो रागावला नव्हता, आणि तेच हैबतीला जास्त लागलं. "मी पुरे म्हणालो होतो रे," एवढंच तो म्हणाला.

हैबती तिथून निघाला तो थेट हत्तीखान्यात. मंगळच्या पायाला मिठी मारून तो लहान मुलासारखा रडला. "मंगळ, माझे हात तेच आहेत. तुला इतकी वर्षं रगडलं, तुला कधी इजा झाली नाही. मग माणसांनाच कशी झाली?"

मंगळने सोंडेने त्याचे डोळे पुसले. "हात तेच आहेत, पण डोळे तेच नाहीत," तो म्हणाला. "मला रगडताना तू सारखा माझ्या कानाकडे बघायचास. कान हलतोय तोवर सगळं ठीक. कान थांबला की तुझा हात तिथल्या तिथं हलका व्हायचा. आठवतं?"

"आठवतं की. तुला दुखलं असतं तर तू मला पायाखाली घेतलं असतंस."

"हां! मला तू भीत होतास, म्हणून माझ्याकडे बघत होतास. माणसांची तुला भीती नाही, म्हणून तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. त्यांनी ओरडून सांगितलं, तेही तू कौतुक समजलास."

 हैबतीला एकेक चेहरा आठवू लागला: तिरका चालणारा आचारी, खांबाला मिठी मारणारा प्रधान. त्याची त्यालाच लाज वाटली. मग तो उठला आणि येसबाला सोबत घेऊन भर दरबारात गेला.

"महाराज, तुम्ही दिलेला मान लोकांना लागतोय," तो हात जोडून म्हणाला. "मी माणसं जायबंदी केली. माझ्या मित्राची बोटं गेली. हवी ती शिक्षा करा, पण आता हे थांबवा."

राजाचा चेहरा लाल झाला. "माझा मान लागतोय? कुणाला लागला? पुढे या बघू!"

 दरबारातला प्रत्येकजण आपापल्या पायांकडे बघू लागला.  आता आपण एकटेच खोटे ठरणार, असं हैबतीला वाटलं.

इतक्यात प्रधानाला शिंक आली. खांब लांब होता. त्याने नाक दाबलं, ओठ आवळले, पण शिंक कुठे राजाज्ञा मानते? ती आली ती तोफेसारखी. "मेलो! माझ्या बरगड्या!" असं ओरडत प्रधान मटकन खाली बसला.

आचाऱ्याला हसू फुटलं. हसताच त्याची कंबर धरली आणि "अगं आई!" म्हणून तोही खाली बसला. त्याला उचलायला वाकलेला खजिनदार तसाच वाकलेला राहिला. मग काय, ज्याने त्याने आपापलं दुखणं सांगायला तोंड उघडलं. दरबार एकाच वेळी कण्हत होता आणि हसत होता.

"अरे, मग मला का सांगितलं नाहीत?" राजा थक्क झाला.

दवंडीवाला पुढे येऊन हळूच कुजबुजला, "महाराज, मी रोज कण्हत होतो. तुम्ही म्हणालात, आवाज गोड झालाय."

राजासुद्धा हसला. पण येसबाने लोंबता उजवा हात डाव्या हाताने उचलून सनईवर ठेवला, तेव्हा सगळ्यांचंच हसू थांबलं. राजा सिंहासनावरून उतरला. येसबाची गार बोटं त्याने आपल्या हातात घेतली आणि त्याचे डोळे भरून आले.

"मला सुख वाटलं ते सगळ्यांना वाटेल असं धरून चाललो मी. चूक हैबतीची आहे, पण आधी माझी आहे," राजा म्हणाला.

राजवैद्याने हात तपासला. "आतली शीर दबलीय. हिला आता विसावा हवा. कुणी रगडायचं नाही, ओढायचं नाही. बोटं हलतील असं वाटतं. सगळी हलतील, असं वचन मात्र देत नाही."

"मग लग्न पुढच्या मुहूर्तावर," राजा म्हणाला. "येसबाच्या सनईशिवाय माझी लेक बोहल्यावर चढणार नाही."

राजकन्येने तर आनंदाने टाळ्याच वाजवल्या. तिला माहेरी आणखी राहायचं होतं.

पावसाळा आला आणि गेला. हैबती रोज येसबाच्या घरी जाई, पाणी भरी, लाकडं फोडी. हळूहळू येसबाचा अंगठा हलला, मग तर्जनी हलली. ज्या दिवशी मधलं बोट हललं, त्या दिवशी गोजराने स्वतः हैबतीला गोडाचं जेवू घातलं. पुढे शेजारचं बोटही जागं झालं. करंगळी मात्र झोपली ती झोपलीच.

लग्नाच्या दिवशी येसबाने सनई फुंकली. करंगळीखालचा एक सूर टाळून त्याने सगळी चाल नव्याने बसवली होती. राजकन्या लाजली, राजा ठेका धरून नाचला, आचाऱ्याने जिलब्यांची परात डोक्यावर घेऊन गिरकी मारली. वऱ्हाडाला काही कमी पडलंय हे कळलंसुद्धा नाही. कळलं ते एकट्या हैबतीला. तोही सगळ्यांसोबत नाचत होता, पण तो सूर जिथे यायला हवा होता, तिथे दर वेळी त्याचा पाय अडत होता.

हैबतीने मालीश सोडली नाही. येसबानेच सोडू दिली नाही. पण आता तो आधी विचारी, कुठे दुखतं, किती सोसवतं. कुणाला नुकताच मार लागला असेल, कुणाची हाडं म्हातारी झाली असतील, तर त्याला तो वैद्याकडे धाडी. हात अंगावर असे आणि नजर चेहऱ्यावर. कुणी मुंग्या आल्या म्हटलं, की त्याचा हात झटकन वर उचलला जाई. त्याच्याकडून लोक आता सरळ चालत बाहेर येत, आणि "अमृत!" म्हणत तेव्हा ते खरंच म्हणत.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: जोर किती लावायचा हे लावणाऱ्याच्या ताकदीने नाही, ज्याच्या अंगावर हात आहे त्याच्या 'पुरे'ने ठरवावं.